चार भिंतींच्या आत

वाचकाचे पत्र (संक्षेपाने):

मी तालुक्याच्या गावी एका वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. गेल्या वर्षी महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या भेटीआधी घाईघाईने ज्या समित्या कागदावर आल्या, त्यांतल्या, लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीवर माझे नाव घातले गेले. आमच्याकडे तिला सगळे विशाखा समितीच म्हणतात. तिची आजवर एकही बैठक झालेली नाही. दहा दिवसांपूर्वी द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी प्रयोगशाळा बंद करण्याच्या वेळी माझ्याकडे आली. त्याच्या आधीच्या आठवड्यात अभ्यास सहलीच्या मुक्कामी तृतीय वर्षाच्या एका मुलाने आपल्यावर जबरदस्ती केली, एवढेच तिने सांगितले. नेमके काय झाले ते तिने सांगितले नाही आणि मलाही विचारण्याचा धीर झाला नाही. ‘मी ओरडले का नाही, तेच मला कळत नाही,’ असे ती पुन्हापुन्हा म्हणत होती. घरी कळले तर शिक्षण बंद करून लग्न लावून देतील, म्हणून कोणाला सांगू नका, अशी शपथ तिने मला घातली. मी नाव न घेता प्राचार्यांच्या कानावर घातले, तेव्हा ते म्हणाले, ‘मॅडम, हे चार भिंतींच्या आतच राहू द्या, मुलीच्याच हिताचे आहे.’ मुलगा संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याचा नातेवाईक आहे आणि स्नेहसंमेलनाच्या तयारीत रोज सगळीकडे वावरतो. आमचे विभागप्रमुखही समितीवर आहेत. ती गुरुवारी मला पुन्हा भेटणार आहे. मी तिला काय सांगू?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

नेमके काय झाले हे विचारण्याचा धीर झाला नाही, असे तुम्ही काहीशा अपराधी सुरात लिहिले आहे. माझ्या मते त्या संध्याकाळी तुमच्या हातून झालेली सर्वांत योग्य गोष्ट तीच होती. आपले म्हणणे कोणी खरे मानते का, एवढेच पाहायला ती मुलगी तुमच्याकडे आली होती. जबानी द्यायला ती आलेली नव्हती. असा प्रसंग ज्याला त्याला सांगावा लागला की प्रत्येक वेळी तपशील थोडा इकडेतिकडे होतो आणि पुढे चौकशीत समोरची बाजू नेमक्या त्या फरकांवर बोट ठेवते. म्हणून सविस्तर सांगणे एकदाच, योग्य ठिकाणी आणि तिची तयारी झाल्यावर व्हावे. तोवर तिने स्वतःपुरते, स्वतःच्या शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवले तर ते पुष्कळ आहे.

प्राचार्यांच्या त्या वाक्याबद्दल मात्र मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण मी बाहेरची सदस्य म्हणून ज्या समित्यांवर बसले, तिथे या ना त्या रूपात ते वाक्य ऐकले आहे. ते म्हणणारे सगळेच दुष्ट असतात असे नाही. मुलीचे भले होईल असे काहींना मनापासून वाटते. पण त्यात गोपनीयता आणि झाकपाक या दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दाखाली घातलेल्या असतात. गोपनीयता कायद्यानेच सांगितलेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१५ ची नियमावली, जी मे २०१६ मध्ये अधिसूचित झाली, ती तक्रारदार, साक्षीदार आणि ज्याच्यावर आरोप आहे तो, या सर्वांची ओळख उघड करू नये असे सांगते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचे कलम १६ तक्रारीचा मजकूर प्रसिद्ध करण्यास मनाई करते, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे बलात्कार पीडितेची ओळख जाहीर करणे हा गुन्हाच आहे. या सगळ्या तरतुदी मुलीचे नाव जपतात. घडलेल्या कृत्याची नोंदच होऊ नये, असे त्यांतली एकही म्हणत नाही. फरक ओळखण्याची माझी साधी रीत आहे. गोपनीयता असते तेव्हा बाहेर कोणाला काही कळत नाही, पण मुलीला मात्र पुढचा प्रत्येक टप्पा आधी सांगितला जातो. झाकपाक असते तेव्हा कॅन्टीनपासून स्टाफरूमपर्यंत कुजबूज चालू असते आणि एकट्या मुलीला काही सांगितले जात नाही. तुमच्या महाविद्यालयात सध्या यांपैकी काय चालू आहे, ते तुम्हीच पाहा.

जाता जाता एक सांगते. समितीच्या इतिवृत्तात ‘छेडछाड’, ‘गैरवर्तन’ किंवा ‘गैरसमजातून घडलेला प्रकार’ असे शब्द येऊ लागले की तिथेच थांबवा. ‘अब्रू’ हा शब्दही तसाच. गुन्हा करतो तो आणि अब्रू जाते तिची, हा हिशेब आपल्या भाषेत इतका मुरलेला आहे की सुशिक्षित माणसेही तो नकळत मांडतात. तिने जो शब्द वापरला आहे तोच लिहावा. ती ‘जबरदस्ती’ म्हणाली असेल तर ‘जबरदस्ती’.

आता तिच्या प्रश्नाकडे, कारण माझ्या दृष्टीने तुमच्या पत्राचा गाभा तोच आहे. ‘मी ओरडले का नाही?’ आपल्याकडे दातखीळ बसणे, वाचा बसणे, हातपाय गार पडणे हे शब्दप्रयोग उगीच आलेले नाहीत. एकाएकी धोका समोर उभा राहिला की अनेकांचे शरीर ना पळते, ना झगडते, ते जागीच थिजते. थिजणे ही संमती नव्हे, आणि आज कायदाही हेच स्पष्टपणे म्हणतो. न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये संमतीची व्याख्या आहे. शब्दांनी, हावभावांनी किंवा अन्य प्रकारे व्यक्त झालेला निःसंदिग्ध आणि स्वेच्छेचा होकार, तीच संमती. आणि केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून स्त्रीची संमती होती असे मानता येत नाही. हे वाक्य कायद्यात येण्यामागची एक वाट आपल्याच मातीतून जाते. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या, आता गडचिरोलीत असलेल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि शरण जाणे व संमती देणे यांतला फरक न्यायालयाला दाखवून दिला. त्यातून उभ्या राहिलेल्या आंदोलनामुळे १९८३ मध्ये कायदा बदलला आणि संमतीची आजची व्याख्या २०१३ मध्ये आली. गुरुवारी तिला हा इतिहास ऐकवत बसू नका. ‘तू ओरडली नाहीस म्हणून काहीही बिघडलेले नाही, कायदाही तुला तो प्रश्न विचारून दोषी ठरवू शकत नाही,’ एवढे एक वाक्य पुरे. पण समितीतल्या एखाद्या सदस्याने भुवया उंचावून तोच प्रश्न विचारला, तर त्याला हा इतिहास जरूर ऐकवा.

शपथेचे काय करायचे? तिच्या संमतीशिवाय तुम्ही पुढे जाऊ नये, हे खरे. तरी दोन अपवाद आहेत आणि ते तिला आधीच सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. पहिला वयाचा. ती द्वितीय वर्षाला आहे म्हणजे बहुधा १८ पूर्ण असेल, तरी जन्मतारीख पाहून घ्या. आपल्याकडे एकाच आवारात कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालय चालते, त्यामुळे ही गोष्ट कायम लक्षात ठेवायला हवी: अकरावी-बारावीच्या किंवा १८ वर्षांखालील कोणत्याही मुलामुलीच्या बाबतीत पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा लागू होतो, पोलिसांना कळवणे बंधनकारक असते आणि न कळवणे हाच गुन्हा ठरतो, तिथे शपथ चालत नाही. दुसरा अपवाद जिवाचा. तिच्या मनात जीव देण्याचे विचार येतात का, हे तिला सरळ विचारा. विचारल्याने तसे विचार डोक्यात येतात ही समजूत चुकीची आहे. उत्तर ‘हो’ असेल तर त्या रात्री तिने एकटे राहू नये. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. धोका समोर दिसत असेल तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक.

आईवडिलांना कळवण्याचे बंधन महाविद्यालयावर नाही. ती सज्ञान आहे. ‘पालकांना बोलावून घ्या’ ही आपल्या कार्यालयांची सवय अनुपस्थितीच्या नोटिशीपुरती ठीक आहे; इथे ती मुलीचे शिक्षण संपवू शकते.

डॉक्टरांकडे जाण्याबद्दल. घटनेला आता जवळपास तीन आठवडे होत आले आहेत. शरीरावरचे पुरावे साधारण ९६ तासांच्या आत गोळा व्हावेत, आणि गर्भधारणा व एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावीत असा संकेत आहे; ती वेळ गेली. तरीही तपासणीचा उपयोग संपलेला नाही. गर्भधारणेची चाचणी, संसर्गाच्या चाचण्या आणि उपचार आजही करून घेता येतात आणि ते तिच्या आरोग्यासाठी आहेत, खटल्यासाठी नव्हेत. अशा पीडितेवर सरकारीच काय, खासगी रुग्णालयानेही तातडीने मोफत उपचार केले पाहिजेत, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचे, कलम ३९७ सांगते. रुग्णालय पोलिसांना कळवते, म्हणून तिला पोलीस तक्रार नको असेल तर तसे तिने डॉक्टरांना सांगावे आणि तो नकार लेखी नोंदवून घ्यावा; तेवढ्यासाठी उपचार अडवता येत नाहीत. ‘दोन बोटांची चाचणी’, म्हणजे मुलीला आधीचा लैंगिक अनुभव आहे का हे बोटांनी तपासण्याची अशास्त्रीय रीत, कोणी सुचवली तर ठाम नकार द्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरले जाईल असे बजावले आहे. त्या दिवशीचे कपडे न धुता तसेच असतील तर कागदी पिशवीत ठेवावेत, प्लास्टिकमध्ये नको. त्या मुलाने नंतर काही निरोप पाठवले असतील, विशेषतः माफी मागणारे किंवा धमकावणारे, तर रागाच्या भरात तिने ते पुसू नयेत.

एक काम मात्र तुम्ही आजच, तिचे नाव कुठेही न घेता करू शकता. सहलीची फाईल जपून ठेवा. विद्यार्थ्यांची यादी, बसमधील व खोल्यांची वाटणी, निवासाची पावती, बसमालकाचा क्रमांक, सोबत गेलेल्या शिक्षकांची नावे, मंजुरीचे पत्र. मुक्कामाच्या ठिकाणचे सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. ते अजून असेल तर राखून ठेवण्याची लेखी विनंती समिती करू शकते. आणि ‘हे आवाराबाहेर घडले, आमचा काय संबंध’ असे कोणी म्हणाले, तर आयोगाच्या नियमावलीत ‘कॅम्पस’ शब्दाच्या अर्थात अभ्यास सहली, क्षेत्रभेटी, क्रीडास्पर्धा आणि सांस्कृतिक महोत्सव हे सारे येते, हे दाखवून द्या.

समितीपुढे तक्रार करायची मुदत घटनेपासून तीन महिन्यांची आहे. समिती कारणे नोंदवून ती आणखी तीन महिने वाढवू शकते. तक्रार लिहायला मदत करणे हे समितीच्या सदस्याचे कर्तव्यच आहे, त्यामुळे तुम्ही तिच्याजवळ बसून लिहून घेतलेत तर त्यात काही गैर नाही. मात्र शब्द तिचेच राहू द्या. पोलिसांकडे जायला ही तीन महिन्यांची अट नाही. घटना दुसऱ्या जिल्ह्यात घडली असली तरी आपल्या गावच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो, आणि अशा गुन्ह्याची नोंद टाळणारा अधिकारी स्वतः शिक्षेस पात्र ठरतो. समिती की पोलीस, अशी निवड तिने करायची नसते. दोन्ही वाटा एकाच वेळी चालता येतात. गुन्हा नोंदवल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील आणि राज्याच्या मनोधैर्य योजनेखाली अर्थसाहाय्य मागता येते. १८१ या महिला हेल्पलाइनवरून अत्याचारग्रस्त महिलांना एकाच ठिकाणी मदत देणाऱ्या जवळच्या सखी केंद्राचा पत्ता मिळेल.

पण ज्या समितीपुढे ती येणार, ती समिती तरी धड आहे का? तुमच्या पत्रावरून नाही. वरिष्ठ प्रशासकीय पदांवरच्या व्यक्ती, विभागप्रमुखसुद्धा, समितीवर असू नयेत असे नियमावली सांगते. तुमच्या विभागप्रमुखांनी बाजूला व्हायला हवे. अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापकच असाव्या लागतात, निम्मे सदस्य महिला असाव्या लागतात, बाहेरच्या संस्थेचा एक सदस्य लागतो, आणि विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधी लागतात. या दुरुस्त्या तक्रार येण्याआधी झाल्या तर उत्तम. कारण कच्च्या पायावरची चौकशी शेवटी तक्रारदारालाच महागात पडते. गोवा विद्यापीठातील एका प्राध्यापकाविरुद्ध २००९ मध्ये विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समितीने भराभर बैठका घेऊन, त्याला बाजू मांडायला पुरेसा अवधी न देता चौकशी आटोपली. त्याला बडतर्फ केले गेले, उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक न्यायाचा भंग झाला म्हणून सारे रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे, २००९ च्या टप्प्यावर पाठवले. चौदा वर्षे. त्या विद्यार्थिनींच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. म्हणून तक्रारीची प्रत त्या मुलाला सात दिवसांत द्या, उत्तराला दहा दिवस द्या, दोन्ही बाजूंचे साक्षीदार ऐका, प्रत्येक बैठकीवर सह्या घ्या, आणि ९० दिवसांच्या आत, पण धावपळ न करता, चौकशी संपवा. तो मुलगाही तुमचाच विद्यार्थी आहे आणि निष्पक्ष चौकशी हा त्याचाही हक्क आहे. तो कोणाचा नातेवाईक आहे, हे मात्र फाईलवर येण्याचे कारण नाही.

चौकशी चालू असताना त्याने तिच्यापासून दूर राहावे, असा लेखी आदेश समितीच्या शिफारशीवरून देता येतो, आणि स्नेहसंमेलनाच्या जबाबदारीतून त्याला तेवढ्या काळापुरते मोकळे करणेही अवघड नाही. आपल्याकडे उलटे घडते. मुलीची तुकडी बदलतात, मुलीला वसतिगृहातून घरी पाठवतात, मुलीला कार्यक्रमात येऊ नकोस असे सुचवतात, आणि वर त्याला काळजी म्हणतात. तिने स्वतः मागितल्याखेरीज तिची जागा हलवू नका. समेटही तिने मागितला तरच. पैशांच्या आधारावर तर मुळीच नाही.

तुमच्या नोकरीची भीती तुम्ही पत्रात लिहिलेली नाही, पण ‘तासिका तत्त्वावर’ हे शब्द पहिल्याच वाक्यात आले आहेत, ते मी वाचले. अशा प्रकरणात विरोध नोंदवणे, चौकशीत सहभागी होणे, साक्ष देणे या कृतींना नियमावलीने संरक्षण दिलेले आहे आणि त्यासाठी सूड उगवला गेला तर तोही तक्रारीचा विषय होतो. कागदावरचे संरक्षण जूनमध्ये पुन्हा नेमणूक मिळवून देत नाही, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून एकट्या पडू नका. प्राचार्यांशी झालेले बोलणे तारखेनिशी टिपून ठेवा, पुढचे प्रत्येक निवेदन लेखी द्या व पोच घ्या, आणि बाहेरच्या संस्थेच्या सदस्याला समितीची बैठक बोलावण्याची विनंती करायला लावा. त्यांची नोकरी तुमच्या संस्थेच्या हातात नाही. कार्यस्थळावरच्या समित्या नुसत्या नावापुरत्या राहिल्या आहेत, ही तक्रार पुण्याच्या ‘आलोचना’ या स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली होती आणि अशा समितीचा अहवाल हा शिस्तभंगाच्या कारवाईत चौकशी अहवाल मानला जावा, हे त्याच प्रकरणात ठरले. तुमच्या समितीला दात आहेत, हे प्राचार्यांना माहीत नसेल तर कळू द्या.

पुढच्या सहलीसाठी आता लगेच कोणीतरी ‘मुलींनी आठनंतर खोलीबाहेर यायचे नाही’ असा नियम काढील. त्याला विरोध करा. सुरक्षेच्या नावाखाली फक्त मुलींवर वेगळे निर्बंध घालू नयेत, असे त्याच नियमावलीत स्पष्ट लिहिले आहे. बहुतेक प्रकरणांत माणूस ओळखीतलाच असतो; तो बसमध्ये आधीच बसलेला असतो, त्याला कुंपण अडवत नाही. उपयोग होतो तो वेगळ्या गोष्टींचा. निघण्याआधी मुलामुलींसमोर, एकत्र, संमती म्हणजे काय आणि नशेत असलेल्या व्यक्तीची संमती का धरली जात नाही, हे पंधरा मिनिटे न लाजता सांगणे. सोबत दोन शिक्षक, त्यांपैकी एक महिला. रात्री कोणत्या खोलीचे दार वाजवायचे, हे प्रत्येकाला माहीत असणे. समितीची नावे व क्रमांक सहलीच्या पत्रकावर छापणे. आणि मुलांशी वेगळे बोलणे. कोणीतरी काही पाहिले असेल, कोणाला काही खटकले असेल, आणि ‘त्यांचे ते बघतील’ म्हणून त्याने मान वळवली असेल. मित्राला ‘चल, झोपायला’ म्हणून हाताला धरून घेऊन जाणे, किंवा ‘तुला बरे वाटत नाही का, मॅडमना बोलावू का’ असे मुलीला विचारणे, यात कसलाही पराक्रम लागत नाही, आणि प्रसंग तिथेच मोडतो.

गुरुवारी फार सांगू नका. दार बंद करण्याआधी तिला विचारा की ते बंद केलेले चालेल का. बसण्याची जागा तिला निवडू द्या. शपथेचे दोन अपवाद सांगा, ओरडण्याबद्दलचे ते एक वाक्य सांगा, मग डॉक्टर, समिती, पोलीस या तीन वाटा थोडक्यात सांगा, आणि तीन महिने कोणत्या तारखेला संपतात ती तारीख एका कागदावर लिहून तिच्या हाती द्या. शेजारी काही लिहू नका, म्हणजे कागद घरी सापडला तरी ती नुसती तारीख असेल. त्या दिवशी तिने काहीच ठरवले नाही तरी चालेल. ‘डॉक्टरांकडे जायचे ठरले तर मी सोबत येईन’ असे तुम्हाला म्हणता येत असेल तर म्हणा, आणि येता येत नसेल तर कोण येईल ते आधी शोधून ठेवा. पुढची भेट कधी, ते तिलाच ठरवू द्या.